गालाचं माप

१२ ऑगस्ट

आज माझ्याकडे संगमरवराचं काम आलं. हे एक वाक्य लिहायला त्रेसष्ट वर्षं लागली, म्हणून नवी वही काढली. मंदाकिनी म्हणाली, "आधी दगड तर येऊ दे." तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बायकोकडून याहून जास्त आनंदाची अपेक्षा करू नये.

काम ठाकुर्लीच्या सुदेश गायकरचं. इमारती बांधतो. नव्या टॉवरला वडिलांचं, सहदेवदादांचं नाव देणार आहे आणि खाली प्रवेशदालनात त्यांचा संगमरवरी अर्धपुतळा हवाय. नुकताच इटलीला फिरून आलाय. मोबाइलवर तिथल्या म्युझियममधले फोटो दाखवत म्हणाला, "सर, असं पाहिजे. एकदम क्लासिक. फायबर नको, लोक लगेच ओळखतात." मी जन्मभर फायबरच केलं हे माहीत असून बोलला. मुकाट गिळलं.

"वडील आहेत ना?" मी विचारलं. जिवंत माणसाचा पुतळा आपल्याकडे सहसा कोणी करत नाही. लोक नावं ठेवतात, करणाऱ्याला आणि करवणाऱ्यालाही.

"आहेत ना सर, एकदम ठणठणीत," तो मोबाइलमध्ये बघत म्हणाला. "फक्त जरा लवकर करा. डिसेंबरएंडच्या आत."

बिल्डर लोकांना सगळंच लवकर हवं असतं.

१४ ऑगस्ट

दोन दिवस नुसता येरझारा घालतोय. आंबिवलीच्या शेडमध्ये अर्धवट पुतळे उभे आहेत, त्यांच्याकडे बघवत नाही.

कॉलेजात असताना मी एका रोमन सिनेटरचं डोकं संगमरवरात कोरलं होतं. त्याला सुवर्णपदक मिळालं. आमचे सर म्हणाले होते, सुधीर, तू दगडाचा माणूस आहेस. त्यानंतर दगड मला कोणी दिला नाही आणि मीही मागायला गेलो नाही. संसार होता, फायबर पटकन व्हायचं. जिल्ह्यात माझे सतरा पुतळे उभे आहेत. त्यांपैकी नऊ जणांचं धड एकच आहे. साचा एक, डोकी वेगळी. एका पुढाऱ्याच्या खिशाला तर दुसऱ्याच पुढाऱ्याचं पेन आहे. हे आजवर कोणाच्या लक्षात आलेलं नाही आणि मलाही त्याची लाज वाटेनाशी झाली होती. आता वाटते.

हे एक काम नीट झालं पाहिजे. एवढं एक झालं तर बाकीचे सतरा माफ.

२० ऑगस्ट

पहिली बैठक. सहदेवदादा म्हणजे काय देह! चौऱ्याहत्तर वर्षं, मान आणि खांदा यांच्यामध्ये सीमारेषा नाही, गाल असे की हसले की डोळे बुजतात. खुर्ची करकरली तसे म्हणाले, "मास्तर, खुर्ची तुमची, मोरली तर बोलाचं न्हाय."

कॅलिपर, म्हणजे वाकड्या पायांचा मोठा कंपास, चेहऱ्याजवळ नेला तर मागे सरकले. मग हसले. सगळी मापं वहीत उतरवली. कानाच्या पाळीखाली गालापासून गालापर्यंत एकशे बावन्न मिलिमीटर.

डोळ्यांच्या बाहुल्या कोरणार नाही, कोऱ्या ठेवणार, हे सांगितलं.

"मंग मी आंधला दिसन की."

"जुन्या शिल्पात अशीच पद्धत असायची, दादा. बाहुली कोरली की माणूस कुठेतरी बघायला लागतो. कोरी ठेवली की तो कायमचा होतो." हे सरांचं वाक्य, मी माझं म्हणून खपवलं.

"कायमचा कशाला," ते म्हणाले. "थोरा टाइम भेटला तरी बास."

त्यांना बोलायला फार आवडतं. माती लावता लावता खाडीच्या, भाताच्या, कोर्टकज्ज्यांच्या गोष्टी ऐकल्या. दीड तासात चेहरा उभा राहिला. हात विसरला नाहीये.

९ सप्टेंबर

गौरी-गणपतीत सगळं बंद होतं. दोन जणांनी 'मूर्ती मिळेल का' म्हणून फोन केले. मी काय करतो हे या कल्याण-डोंबिवलीत कोणाला कधी कळणार?

आज दुसरी बैठक. मातीवर ओला फडका होता, तरी ती आक्रसली असणार असं वाटून पुन्हा माप घेतलं. माती जशीच्या तशी एकशे बावन्न. दादा एकशे पंचेचाळीस! कॅलिपरचा स्क्रू ढिला झाला असेल म्हणून आवळला. पुन्हा एकशे पंचेचाळीस. कपाळ, नाक, डोळ्यांमधलं अंतर, हाडांची सगळी मापं तंतोतंत. फक्त मांस उतरलंय.

"दादा, लोक गणपतीत मोदक खाऊन फुगतात, तुम्ही वाळलात?"

"शुगर हाय ना. बायको भात देत न्हाय." आणि मोठ्याने हसले. हसल्यावर डोळे मात्र पूर्ण बुजले नाहीत.

मी चिडलो. पुतळा चालू असताना कोणी डाएट करतं का? हातातली अंगठी घरंगळू नये म्हणून तिला दोरा गुंडाळलाय, इतकं कडक पथ्य. सुदेशला फोन करून बजावलं की काम होईपर्यंत वडिलांना नीट खाऊ घाला. तो तुटकपणे "हो सर" म्हणाला. मुलांना आई-बापाच्या खाण्यापिण्याचं सांगितलेलं आवडत नाही.

१८ सप्टेंबर

एकशे अडतीस.

आणि आज मला राग आला नाही. आज मला दिसलं! गालफडांचं हाड वर आलंय, जबड्याची रेघ कानापासून हनुवटीपर्यंत सरळ उतरतेय, मानेच्या शिरा दिसतायत. चरबीखाली हा चेहरा लपला होता. हा बिल्डरचा बाप नव्हे, हा माझा सिनेटर आहे. चाळीस वर्षांनी परत आलाय.

रंग मात्र पिवळट दिसत होता. शेडच्या छपराचा प्लास्टिकचा पत्रा बदलायला हवा, उजेड खराब येतो.

घरी मंदाकिनीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने विचारलं, "महिन्याभरात इतके उतरले? बरे आहेत ना ते?"

"शुगर आहे."

"हातावर पट्टी-बिट्टी काही?"

होती, मनगटाच्या मागे, चिकटपट्टी. रक्त तपासलं असेल. मी म्हटलं, तू आता डॉक्टर नको होऊ. ती भाजी तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मला हे तिचं बघणं आवडत नाही.

२३ सप्टेंबर

आज दादांबरोबर त्यांच्या पत्नी विमलाबाई आल्या होत्या. नऊवारी, नाकात मोठी नथ, तोंडात शब्द कमी. आल्यापासून मातीच्या चेहऱ्यासमोर उभ्या. माती अजून पहिल्या मापाची, भरल्या गालांची. त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि मी मनात म्हटलं, बघा, साध्या बाईलासुद्धा कला कळते.

मग मी सांगितलं की गाल आता उतरवणार आहे, जसे आज दिसतात तसे.

"नको मास्तर," त्या एकदम म्हणाल्या. "पयलं हाय तेच ऱ्हाऊं द्या. त्याला हात नका लावू."

"पण वहिनी, समोर माणूस बसलाय. जे दिसतं ते करायचं, हीच तर आमची शिस्त."

"पयलं माप हाय ना लिवलेलं? तेच धरा." मग नवऱ्याकडे वळल्या, "सांगा ना तुमी."

दादा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "मास्तरांना त्यांचं काम करूं दे, विमल."

पुतळा जिवंतपणी करतायत हेच मुळात या बाईंना खटकत असणार. जुनी माणसं. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण सुरी हातात घेतली तेव्हा हात जरा अडखळला, हे इथे कबूल करतो. उगीचच.

२४ सप्टेंबर

खरवडले. दोन्ही गाल. सुंदर झालंय.

७ ऑक्टोबर

प्लास्टरची प्रत निघाली. साचा काढताना माती गेली, जाणारच होती. आता या प्लास्टरवरून बिंदू न बिंदू मोजून दगडात उतरवायचं. दगड आला. मकराण्याचा, पांढरा, एका बाजूला निळसर रेघ, ती पाठीकडे टाकता येईल. शेडच्या दारातून आत घ्यायला आठ माणसं लागली. सगळे गेल्यावर मी दगडाला हात लावून बसलो. गार होता. भीती वाटली. फायबरमध्ये चुकलं तर पुट्टी भरता येते.

२ नोव्हेंबर

नाक दगडातून सुटं झालं. दिवाळीत घरी होतो, म्हणजे शरीराने. मंदाकिनी म्हणाली, फराळाच्या ताटातसुद्धा छिन्नी आपटतोस.

दादा महिनाभर आले नाहीत. सुदेश म्हणतो, "बाबा बाहेर आहेत सर, हवापालटाला. तुम्ही करा, त्यांच्यामुळे अडवू नका." दिवाळीत, घरदार सोडून हवापालट? श्रीमंतांचे चोचले.

मुंबईतल्या वार्षिक प्रदर्शनाचा अर्ज आणला. पंचवीस वर्षांत पाठवला नव्हता, पाठवण्यासारखं काही नव्हतंच. नाव लिहून टाकलं: 'सहदेव गायकर, संगमरवर'. मुदत दहा जानेवारी.

१९ नोव्हेंबर

उजव्या नाकपुडीजवळ बारीक टवका उडाला. संध्याकाळी मोजलं, अजून अर्धा मिलिमीटर शिल्लक होता, त्यात जिरेल. वाचलो. अशा धंद्यापेक्षा माणसाने पोस्टात लागावं.

१५ डिसेंबर

घासकाम संपत आलं. पाणी मारून बाजूच्या उजेडात पाहिलं आणि खुर्चीत बसून चक्क रडलो. मला माहीत आहे की हे चांगलं झालंय. कोणी सांगायची गरज नाही. डोळे कोरे आहेत, ओठ नुकतेच मिटलेत, गालाखालच्या खळग्यात सावली थांबते. मी हे आयुष्यात एकदाच करू शकणार होतो आणि मी ते केलं.

२७ डिसेंबर

सुदेश आणि विमलाबाई बघायला आले. मी फडका काढला.

सुदेश म्हणाला, "बापरे." मग तोंडावर हात ठेवून शेडच्या बाहेर गेला.

विमलाबाई जवळ गेल्या. हात पुढे केला, पण दगडाला लावला नाही. शांतपणे म्हणाल्या, "हा माजा मानूस न्हाय. ही त्याची बिमारी हाय."

मला कळलं नाही. मी मूर्खासारखं विचारलं, कसली बिमारी?

"लिवरचा कॅन्सर. जुलैमदी कललं. तुमाला बोललो न्हाय, कारन त्यांनीच बोलाला मना केलतं. बोलले, मास्तरला कललं तर तो माझ्याकरं पेशंटसारका बघंल." मग पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "मी सांगितलं व्हतं ना तुमाला? पयलं माप धरा बोललं व्हतं ना? आता मी रोज जातायेता हेच बघू? ते गेल्यावं पन?"

त्या गेल्या. गाडीत बसेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

२८ डिसेंबर

ही वही पहिल्यापासून वाचली. अंगठीचा दोरा मी लिहिलाय. चिकटपट्टी लिहिलीय. पिवळा रंगसुद्धा लिहिलाय, आणि पुढे पत्र्याला दोष दिलाय! माणूस माझ्यासमोर दीड-दीड तास मरत होता आणि मी मिलिमीटरने त्याची नोंद ठेवून खूश होत होतो. सुदेशला मी फोन करून सांगितलं, वडिलांना खाऊ घाला.

मंदाकिनीला म्हटलं, तुला कळलं होतं. ती म्हणाली, "मला शंका होती. तुला सांगून बघितलं, सुधीर. तू इतका आनंदात होतास." तिने मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

एकशे बावन्नचे गाल आता कुठून आणू? दगडातून काढता येतं, दगडात घालता येत नाही. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही, की आजही शेडवर गेलो, फडका काढला आणि मला तो सुंदरच दिसला.

३ जानेवारी

धीर करून ठाकुर्लीला गेलो. टॉवरच्या मागे गावठाणात त्यांचं जुनं कौलारू घर आहे, दादा तिथेच राहतात. खाटेवर होते. कॅलिपर नव्हता, पण माझा डोळा मोजतच होता. डोळ्याला मी शिव्या घातल्या.

माफी मागितली. दुसरा दगड आणतो, पहिल्या मापाने नव्याने करतो, म्हटलं.

"किती महिने लागतील?"

"चार."

ते हसले. "मंग तो तुमी विमलला दाखवा." जरा दम घेऊन म्हणाले, "झालाय तो मना बघाचाय. मी बसलो ना त्याच्यासाठी? मना कोनी दाखवलाच न्हाय."

विमलाबाई आतून म्हणाल्या, "काय करायचंय बघून?" पण दादांनी सुदेशला गाडी काढायला सांगून ठेवलं, गुरुवारी.

गुरुवारपर्यंत पाच दिवस. मला जेवण जात नाही. त्या माणसाने स्वतःचं मरण दगडात बघावं आणि ते मी केलेलं असावं?

८ जानेवारी

आज लिहायचं ते नीट क्रमाने लिहितो.

अकरा वाजता आले. सुदेशने वडिलांना उचलून आणलं, एकट्याने, लहान मुलासारखं. ज्या खुर्चीत ते बैठकीला बसायचे तिच्यातच बसवलं. आता ती करकरली नाही. विमलाबाई दाराशीच थांबल्या, शेडकडे पाठ करून.

मी फडका काढला आणि भिंतीकडे बघत उभा राहिलो.

मग दादा म्हणाले, "थोरा फिरवा." पुतळा फिरत्या पाटावर आहे. मी फिरवला. उजवी बाजू, मग डावी. "बास," ते म्हणाले. आणि अगदी हळू, दुसऱ्याच कोणालातरी हाक मारावी तसे, "बा."

सुदेशला वाटलं त्यांना काही होतंय. तो धावला. त्यांनी त्याला हाताने बाजूला केलं.

"अरे, हा बा हाय. माजा बा. तुजा आजा, सुदेश." खांद्यावर मी जुन्या पद्धतीप्रमाणे वस्त्राची घडी टाकली आहे. तिच्याकडे बोट केलं. "ह्यो बग फरका. खारीतनं वर आला की असाच टाकाचा खांद्याव."

त्यांचे वडील रेती काढायचे. खाडीत डुबी मारून तळातून बादली भरायची, वर यायचं, पुन्हा डुबी. दिवसाला शंभर वेळा. अंगावर मांस धरलंच नाही कधी, दादा म्हणाले, आणि सत्तेचाळीसाव्या वर्षी छाती भरून गेले. सहदेवदादांच्या लग्नात फोटोवाला आला होता, पण बा लाजून कणगीमागे उभा राहिला. एकही फोटो नाही. "पन्नास वर्सं मी त्याचं तोंड आठवाचा परयत्न करतंय, मास्तर. डोलं आठवत न्हाईत, बाकी सगलं हाय. तुमी डोलं केलं न्हाय तेच बरं."

मी म्हटलं, दादा, मी तर तुम्हालाच बघून केलं.

"मंग? पोरगा कोनासारका दिसंल? मीच जार झालो, म्हनून कोनाला दिसला न्हाय इतकी वर्सं."

सुदेशने विचारलं, "पन बाबा, तुमचा पुतळा?" टॉवर, प्रवेशदालन, उद्घाटनाच्या पत्रिका, सगळं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"माझे दीडशे फोटू हायेत तुज्या मोबाइलमदी. टावरला बाचं नाव दे, हा बसव." मग मला म्हणाले, "नाव लिवा खाली. जोमा. जोमा गायकर."

मी पेन्सिलीने पुतळ्याच्या बैठकीवर लिहिलं. जन्मात पहिल्यांदा माझा पुतळा हुबेहूब आला होता, आणि तो ज्याचा होता त्याला मी कधी पाहिलंच नव्हतं. प्रदर्शनाचा अर्ज टेबलावर तसाच आहे. त्यावरचं नाव खोडायचं की अर्जच फाडायचा, हे मला आत्ता सुचत नाही. परवाची मुदत आहे.

"विमल," दादांनी हाक मारली. "ये ना. कोन आलाय बग."

त्या यायला तयार नव्हत्या. मग आल्या, मान खाली घालून. दादांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि शेवटी वर पाहिलं. मी त्यांचा चेहरा बघत होतो. आधी तोच राग होता. मग कपाळावर आठी पडली, काहीतरी ताडून पाहत असल्यासारखी. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या सोळा-सतराच्या असतील. त्या घरात जोमा गायकर अजून चार वर्षं जगला होता.

त्यांचा हात वर गेला. पाठीवरचा पदर त्यांनी डोक्यावर घेतला, कपाळापर्यंत पुढे ओढला आणि दोन पावलं मागे सरल्या.

मी घाईघाईने दुसरी खुर्ची पुढे केली. "बसा ना, वहिनी."

"नको," त्या कुजबुजल्या. "सासऱ्याच्या समोर खुर्चीव कशी बसू?"